खाडा

"आजी, एक चिठ्ठी लिहून द्या ना."

दुरेघी वहीच्या मधल्या पिना उचकटून काढलेलं जोडपान तिच्या एका हातात होतं आणि दुसऱ्या हातात पेन, म्हणजे नाही म्हणायला मला जागाच ठेवली नव्हती. आषाढातली संध्याकाळ, बाहेर पुण्याचा तो पडतोय की नाही असा पडणारा पाऊस, आणि मी श्रावणघेवड्याच्या शिरा काढत बसलेली. कसली चिठ्ठी, म्हटलं. "दोन दिवस शाळेत गेले नाही ना, त्याची. बाई मागतायत. ताप आला होता असं लिहा." आला होता का ताप, असं मी विचारलं, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की वर्गातल्या ढ मुलाने भलतंच काहीतरी विचारल्यावर मास्तर बघतात तसं. कारण ते दोन दिवस ती कुठे होती हे मला नाही तर कोणाला ठाऊक असणार? ती माझ्याकडेच होती. माझ्या सिंकपाशी.

तिची आई आमच्याकडे दहा-अकरा वर्षं भांडी आणि केरफरशी करते. तळजाई वसाहतीतून सकाळी साडेनऊला उतरते, सहकारनगरात पाच घरं करते आणि दुपारी चढ चढून परत जाते. त्या सोमवारी बेल वाजली आणि दारात आईऐवजी ही उभी. तेल लावून घट्ट वेणी घातलेली, पायात आईच्या मापाच्या चपला. "आईची कंबर धरलीय. मी करते." चौथीतली मुलगी. आदल्या दिवशी आमच्याकडे आषाढ तळला होता, पाहुणे जेवून गेले होते, तेलकट कढया आणि झारे ओट्याखाली भिजत पडले होते. मी नको म्हणाले. पण फार जोरात नाही म्हणाले. तिने पाट ओढून घेतला, त्यावर उभी राहिली, कारण त्याशिवाय नळापर्यंत हात नीट पोचत नव्हता, आणि घासायला लागली. मंगळवारी पुन्हा आली. मधेच एकदा, घासणी हातात धरून, घड्याळाकडे बघत म्हणाली, "आता शाळेत डबे आले असतील. आज मटकीची उसळ." मी तिला तळणातल्या कापण्या दिल्या बशीभर. त्या तिने उभ्याउभ्याच खाल्ल्या आणि बशीही घासून ठेवली.

तर मी चिठ्ठी लिहिली. "माननीय वर्गशिक्षिका यांस, सा. न. वि. वि." इथे तिने थांबवलं, हे काय म्हणून. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असं सांगितल्यावर तिला ते भारीच वाटलं, दोनदा म्हणून पाहिलं. "माझी मुलगी हिला ताप आल्यामुळे ती सोमवार व मंगळवार शाळेत उपस्थित राहू शकली नाही. तरी तिची रजा मंजूर करावी, ही विनंती." खाली सहीसाठी जागा सोडली. आई सही करते, तेवढं तिला येतं. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि घडी घालून दिली.

अक्षर सुरेख आलं होतं. तेच खुपत राहिलं.

रात्री दूध तापवताना फ्रीजच्या कडेला टांगलेल्या कालनिर्णयकडे लक्ष गेलं. आमच्या घराचा सगळा जमाखर्च त्या चौकटींत असतो. दूध किती लिटर ते पेन्सिलीने, सिलिंडर कधी लावला ते निळ्याने, आणि बाईंचे खाडे लाल फुलीने. त्या सोमवारी आणि मंगळवारी फुली नव्हती. बरोबरच होतं, काम झालं होतं, खाडा कुठे पडला होता? पण उभ्याउभ्या माझ्या लक्षात आलं की खाडा पडला होताच, फक्त तो माझ्या कॅलेंडरवर नव्हता. तो खाली रस्त्यापलीकडच्या महापालिकेच्या शाळेत, चौथीच्या हजेरीपटावर, क्रमांक १७ च्या पुढे पडला होता. (तिचं नाव इथे लिहीत नाही. तो क्रमांक पुरे. तीही स्वतःची ओळख तशीच करून देते, "मी सतरा नंबर.")

न येण्याला आपल्याकडे किती शब्द आहेत, आणि कोण आलं नाही त्यावर शब्द ठरतो, ही गंमत मला तोवर कधी जाणवली नव्हती. नवरा ऑफिसला जात नाही ती रजा. मुलगा कॉलेजला जात नाही ती दांडी, त्याच्या भाषेत बंक. आणि दूधवाला, पेपरवाला, कामवाली येत नाही तो खाडा. रजा मंजूर होते, दांडी पचते, खाडा मोजला जातो आणि त्याचे पैसे कापले जातात. महिन्याला दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून कापायचे, हा आमच्या घरचा नियम माझ्या सासूबाईंच्या काळापासूनचा. मी कापत नाही. पण मोजते. मोजून मग माफ करण्यात एक वेगळाच मोठेपणा मिळतो, तो सोडवत नाही.

माझ्या लहानपणी पेठेतल्या शाळेत हजेरी म्हणजे रोजचं गाणंच होतं. बाई खुर्चीवर बसून कॅटलॉग उघडायच्या, त्याच्या पुठ्ठ्याला एक डिंकाचा वास यायचा, पहिल्या बाकावर बसलं की तो नाकात शिरायचा. आगाशे, आपटे, इनामदार, ओक... आडनावांची ती ओळ आजही मी झोपेत म्हणू शकेन. प्रत्येक आडनावानंतर "हजर", कुणाचा किनरा, कुणाचा नाकातला, कुणाचा मागच्या बाकावरून भांडत असताना मधेच फेकलेला. आणि त्या ओळीत एक जागा होती जिथे बहुतेक दिवस गाणं अडायचं. बाई नाव घ्यायच्या, थांबायच्या, पुन्हा घ्यायच्या, आणि मग त्या शांततेत टाकाचा कागदावर घासल्याचा आवाज यायचा. ती मुलगी मंडईमागे राहायची. तिला पाठचा भाऊ झाला होता आणि आई पहाटे माल घ्यायला गेली की त्याला ही सांभाळायची. आली की मजेत असायची, तिच्या दप्तरात नेहमी एखादं आवळा-बोर निघायचं, पण बाईंनी काही विचारलं की एकदम पाटीकडे बघायला लागायची. आम्ही हसायचो. पुढच्या जूनमध्ये नवा कॅटलॉग आला आणि त्यात ती नव्हती. "नाव कमी केलं" असा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यामुळे तिच्या पुढच्या सगळ्यांचे क्रमांक एकेकाने वर सरकले. मी २३ ची २२ झाले. आणि खरं सांगायचं तर मला आनंदच झाला, २२ हा आकडा मला लिहायला आवडायचा, दोन बदकं पोहत चालल्यासारखा.

आमचे वडील हजेरीच्या बाबतीत कडक. "आजारी पडायचं तर शाळेत जाऊन पड," हे त्यांचं वाक्य. तिसरीत मला पूर्ण उपस्थितीचं बक्षीस मिळालं, प्लॅस्टिकचं, झाकणाला लोहचुंबक असलेलं कंपासबॉक्स. त्यासाठी मी गालगुंड आलेली असताना, गळ्याभोवती आईचा रुमाल गुंडाळून, तोंड एकीकडे फुगलेलं अशी शाळेत गेले होते आणि पुढच्या पंधरवड्यात अर्धा वर्ग गालगुंडाने घरी बसला. म्हणजे माझी शंभर टक्के हजेरी राखायला मी इतरांची किती घालवली याचा हिशेब कुणी केला नाही. त्यामुळे रोजच्या रोज शाळेत जाण्याची आरती ओवाळायला मला थोडं जड जातं. त्या वर्षातला एकही दिवस मला वेगळा असा आठवत नाही, आणि नियमितपणाचं बहुधा तसंच असतं, तो लक्षात राहत नाही, अंगात राहतो.

लक्षात राहिलाय तो दुसरीतला गैरहजेरीचा आठवडा. गोवर आला होता. खिडकीला कडुनिंबाचा डहाळा, खोलीत अंधार, उशाशी मनुका. बरी होऊन वर्गात गेले तर घड्याळ शिकवून झालेलं होतं. सव्वा आणि साडे मी इकडून तिकडून उचललं, पण "पावणे" मात्र निसटलं ते निसटलंच. पावणेतीन म्हणजे तीन वाजून गेलेत की वाजायचेत? वर्ग हसेल म्हणून विचारलं नाही, आईला सांगावं असं ते मोठं वाटलं नाही. आज माझं वय साठीकडे झुकलंय, बँकेत पस्तीस वर्षं नोकरी करून झाली, आणि अजूनही कुणी "पावणेसातला ये" म्हणालं की आत एक बारीकसा अडखळा होतो, मग मी सहाचे पंचेचाळीस करून घेते. माझं काही अडलं नाही. घरात आजोबा होते, भिंतीवर घड्याळ होतं, पुढे बरंच काही होतं ज्यावर तो एक आठवडा बुजून गेला.

बुजवायला घरात काही नसेल तर?

तिची वही मी पुढच्या रविवारी पाहिली. चिठ्ठीची टोचणी म्हणा, मीच बोलावलं होतं, म्हटलं येताना दप्तर घेऊन ये. कविता पाठ होत्या, घडाघडा. चित्रं सुरेख. पुस्तकातलं वाचायला दिलं तर जोडाक्षर येईपर्यंत रेल्वेसारखी धावायची आणि जोडाक्षर आलं की सिग्नल पडल्यासारखी उभी. मग बेरीज घातली, ४७ अधिक ३८. तिने एकाखाली एक नीट मांडले, ओठ हलवत मोजलं आणि लिहिलं, ७१५. सात नि आठ पंधरा, ते खाली. चार नि तीन सात, तेही खाली. अतिशय स्वच्छ, रेघेला धरून, सातशे पंधरा. म्हटलं, सत्तेचाळीस रुपये आणि अडतीस रुपये मिळून सातशे पंधरा होतील का गं? त्यावर क्षणभर विचार करून म्हणाली, "रुपयांचे पंच्याऐंशी होतात. वहीत सातशे पंधरा." मी गप्पच झाले. दुकानातला हिशेब तिला बरोबर येत होता, सुटे पैसे ती कधी चुकवत नाही. शाळेतला हिशेब हा वेगळाच कुठलातरी प्राणी आहे अशी तिची समजूत होती. हातचा कधी शिकवला, विचारलं. "दुसरीत. तेव्हा आम्ही गावाला गेलो होतो. आबा वारले ना." लातूरकडचं गाव. दहावा, तेरावा, मग आला आहे तर शेताचं बघून जा, करत तीन आठवडे. आबा एकदाच वारले, पण त्यांच्या तेराव्यात गेलेला हातचा ती दोन वर्षं शोधतेय.

चिंचोके घेऊन बसलो. दहा झाले की एक वाटी भरायची आणि शेजारच्या घरात पाठवायची. वीस मिनिटं लागली. दोन वर्षं राहून गेलेल्या गोष्टीला वीस मिनिटं. कळल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला, "एवढंच व्हय!" कृपा करून कुणी मला सावित्रीच्या लेकींमध्ये धरू नये. मी असे तीन रविवार बसले. चौथ्याला आमच्याकडे पाहुणे आले, पाचव्याला पुतण्याचं लग्न होतं, मग गणपती. म्हणजे माझेच खाडे सुरू झाले, आणि त्यांची फुली कुठेच नाही.

पण त्या दिवसापासून आकडे डोक्यात फिरायला लागले. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असं सांगितलंय. आमच्या घरचा नियम तिला लावून पाहिला, महिन्याला दोन खाडे माफ. दोन म्हणजे काहीच नाहीत, कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. दहा महिन्यांचे वीस. दोनशेतले वीस म्हणजे दहावा हिस्सा. आणि पाचवी संपेपर्यंत शंभर, म्हणजे अर्धं वर्ष. त्या अर्ध्या वर्षात हातचा गेला, जोडाक्षरं गेली, आणखी काय काय गेलं ते तिलाही माहीत नाही, कारण जे शिकवलं तेव्हा आपण नव्हतो त्याची आपल्याला आठवण तरी कशी असणार? सरकारच्या व्याख्येत मूल महिनाभर सलग शाळेत आलं नाही की ते शाळाबाह्य. हिच्यासारखी, तीन दिवस येणारी, दोन दिवस न येणारी, कधीच शाळाबाह्य होत नाही. ती पटावर असते. एकेक इयत्ता वर चढतही असते.

माझी थोरली नणंद महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली. तिला हे सगळं सांगितलं तर ती हसली, "तुला आत्ता कळतंय होय?" मग चहा थंड होईपर्यंत बोलत राहिली. तिच्याकडे हजेरीचं एक स्वतःचं पंचांग आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सात डोकी, आणि त्यातली चार झोपलेली. दिवाळीच्या आधीचा आठवडा मंडईभोवती आणि तुळशीबागेत, पणत्यांच्या आणि रांगोळीच्या पाट्यांमागे तिचा अर्धा वर्ग बसलेला असायचा. "मी खरेदीला गेले की पोरं पाटीमागे लपायची. मग मी पणत्या घ्यायचेच नाही तिकडे, उगाच त्यांना लाज." चैत्रात गावोगावच्या जत्रा, मग लग्नसराई, उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. साडेदहाला हजेरी घेतली की ती दोन चुणचुणीत पोरं वस्तीत धाडायची, जा रे, बोलावून आणा. ती पोरं येताना मूल आणायची नाहीत, बातम्या आणायची. बाई, तिच्या घराला कुलूप आहे. बाई, तो पाणी भरतोय, म्हणला येतो. बाई, तिची आई म्हणाली आज नाही आणि उद्यापण नाही. एका मुलाचा तर निरोप आला होता, "बाई, तो म्हणला मी गावाला गेलोय असं सांगा."

"आणि एक लक्षात ठेव," ती म्हणाली, "पहिल्या दिवसाचं कारण काहीही असतं. ताप, पाहुणे, फाटलेली चप्पल. दुसऱ्या दिवसाचं कारण पहिला दिवस असतो." मूल काल आलं नाही म्हणून आज यायला घाबरतं. काल काय झालं ते ठाऊक नाही, बाकावर आपल्या जागी दुसराच कुणी बसलाय, बाई विचारणार. त्यापेक्षा नकोच. म्हणून ती बरेच दिवसांनी आलेल्या मुलाला पहिला अर्धा तास काही विचारायचीच नाही. फळा पुसायला सांगायची, खडू आणायला पाठवायची. तेवढ्यात ते पुन्हा वर्गातलं होऊन जायचं. चिठ्ठ्या? चिठ्ठ्यांची तिने एक बरणी ठेवली होती म्हणे. अर्ध्याअधिक तापाच्याच, आणि बऱ्याचशा एकाच हातच्या, कारण वस्तीत एखादा लिहिता येणारा दुकानदार असायचा. "कधी खोटं धरलं नाहीस?" मी विचारलं. "कशाला धरू? चिठ्ठी घेऊन का होईना, पोर आलं ना?"

खिचडी शिजायला लागली की हजेरी घेऊ नये, असाही तिचा एक नियम होता, तेव्हा सगळेच हजर असतात. त्यावरून पटपडताळणीची गोष्ट निघाली. ऑक्टोबर २०११, तीन तारखेपासून तीन दिवस, अख्ख्या राज्यात एकाच वेळी मुलं मोजली होती. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई. लाखो नावं नुसती कागदावरची निघाली, राज्यभर गाजलं ते. पण नणंदेला आठवतं ते वेगळंच. तिच्या वर्गातलं एक पोरगं, आठवड्यातून एखादा दिवस उगवणारं, त्या दिवशी नेमकं आलं आणि शाई लावलेलं बोट दिवसभर वर धरून हिंडलं. मोजलं मला, मोजलं मला, करत. दुसऱ्या दिवशीही आलं, शाई आहे का बघायला. शाई पुसट होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, ते रोज आलं.

पुढे एका गुरुवारी दगडूशेठला गेले होते. दर्शन घेऊन बाहेर आलं की समोर भिडेवाडा, असं इतकी वर्षं डोळ्यांना सवयीचं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला, तेव्हापासून तिकडे पाहिलं की पडलेल्या दातासारखी जीभ तिथेच जाते. १८४८ साली फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली, त्याचं काय सांगायचं, ते पोराटोरांना पाठ आहे. मला वाटत राहतं ते त्यानंतरच्या रोजच्या सकाळींबद्दल. पहिल्या दिवशी मुली आल्या असतील, दुसऱ्या दिवशी किती? कुणाच्या आईने आज नको म्हटलं असेल? जोतीरावांनी १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर आयोगापुढे, बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली, ती वर्गाच्या दारात उभं राहून वाट पाहिलेल्या माणसाची मागणी असणार. पुढे १९११ मध्ये ह्याच पुण्यातल्या गोखल्यांनी, ज्यांनी शाळेतल्या पोरांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं होतं, कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. किती सांभाळून मांडलेलं. सहा ते दहा वर्षांचे, तेही आधी मुलगेच, आणि तेही जिथे बऱ्यापैकी मुलं आधीच शाळेत येतात तिथेच. पुढच्या वर्षी मतदान झालं, बाजूने १३, विरुद्ध ३८. त्यातही हातचा कुणी धरला नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती केली तेव्हा मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. आणि १९९२ पासून आपल्या राज्यात दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता. न पाठवण्याचाही रुपया, येण्याचाही रुपया. तीस वर्षं उलटली तरी भत्ता रुपयाचाच राहिला. चिल्लर म्हणून आपण हसतो. पण त्या सोमवारी आणि मंगळवारी मिळून तिच्या आईचे माझ्या घरचे पैसे कापले गेले नाहीत, बाकीच्या चार घरांचेही नाहीत. तराजूच्या एका पारड्यात दोन रुपये ठेवून बघा.

तिच्या आईशी बोलले मी शेवटी. ती फरशी पुसत होती, मी पाय वर घेऊन दिवाणावर, म्हणजे उपदेशाला अगदी योग्य आसन. म्हटलं, तुझी कंबर दुखली तर तू नको येऊस, पण पोरीला पाठवू नकोस. भांडी मी घासेन. तिने फडकं बादलीत पिळलं. "तुम्ही घासाल हो काकू. बाकीच्या चार घरांचं काय? आणि तुम्हीसुद्धा फुली मारताच की कॅलेंडरवर." मी म्हटलं, अगं पण मी पैसे कुठे कापते? "कापत नाही. पण मला दिसते ना फुली." मग थोडा वेळ नुसता फडक्याचा आवाज. मग आपणहूनच म्हणाली, "मी चौथीपर्यंत गेले शाळेत. वाचते मी. लिहायला हात वळत नाही. हिला मला पाठवायचंच आहे, मला काय हौस आहे का? पण कंबर काय शाळेची सुट्टी बघून धरते?" ह्यावर माझ्याकडे काही नव्हतं. दिवाणाखालचा कोपरा पुसायचा राहिला होता तो तिने दाखवून पुसला आणि गेली.

नव्या महिन्याचं पान उलटलं तेव्हा मी लाल पेन काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. फार काही नाही. पंधरा दिवसांत पुन्हा बाहेर आलं, कारण गॅसवाल्याचा नंबर लिहायला दुसरं पेन सापडेना, आणि हातात आहे तर म्हणून शुक्रवारची फुली मारूनही झाली. सवय आहे. त्या शुक्रवारी पोरगी मात्र आली नव्हती. ढीगभर भांडी मी घासली, कुरकुरत, आणि नवऱ्याला दोनदा ऐकवलं की मी घासली.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी ती आली. स्वेटर वरपर्यंत बंद, ओठ सुकलेले, डोळे खोल. आई गेले तीन दिवस कामाला येत होती, लेकीला ताप आहे म्हणाली होती, मी क्रोसिन दिली होती. हातात पुन्हा दुरेघी वहीचं पान. "आजी, परत चिठ्ठी. ह्या वेळी खरंच आला होता ताप."

मी चष्मा लावला. माननीय वर्गशिक्षिका यांस, सा. न. वि. वि. माझी मुलगी हिला ताप आल्यामुळे. वेगळं काहीतरी लिहावं असं मनात होतं, खऱ्या तापाला शोभेलसं, पण हात मागच्याच वळणाने गेला आणि तेच शब्द तसेच उतरले, फक्त वार बदलले. पान तिच्याकडे दिलं. ह्या वेळी तिने ते घडी न घालता समोर धरलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. सोमवार ते बुधवार, शाळेत, इथपर्यंत धावत आली आणि पुढच्या शब्दाला थांबली. "उ... प... स..." बोट तिथेच. "उपस... हे काय आहे, आजी?"

"उपस्थित. उपस्थित राहू शकली नाही."

"म्हणजे खाडा?"

"हो गं. खाडाच."

"मग खाडा लिहा ना," ती म्हणाली. "मला वाचता येतो."